ताप बघणारा हात

माझा भाऊ गाडीचा ताप हात लावून सांगायचा. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. कौतुक करायच्या मनःस्थितीत मी सध्या अजिबात नाही. जे झालं ते इतकं अचानक अंगावर आलं की माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही. पण सांगायचं तर पहिल्यापासूनच सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई सख्ख्या भावावर तोंडसुख घेतेय.

आमचं दुकान म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, पुढे अंगण आणि अंगणापलीकडे दादाचं घर. शेडमध्ये फक्त जुन्या गाड्या येतात. जुन्या म्हणजे मोडक्या नव्हेत हं! गोल दिव्यांच्या, चकचकीत पट्ट्यांच्या, आजोबा-पणजोबांच्या काळातल्या, मालक ज्यांना पोटच्या पोरासारखं जपतात अशा. गाडीवर ओरखडा उठला तर या लोकांच्या घशाखाली घास उतरत नाही. वडील रेडिएटर झाळायचे. ते गेल्यावर इंजिन आणि पाणी दादाने सांभाळलं, वायरिंग मी. बाईमाणूस वायरिंग करते म्हणून सुरुवातीला लोक नुसते बघायला यायचे. मी त्यांच्या हातात बॅटरी देऊन, इथे उजेड धरा, म्हणायचे. मग यायचे बंद झाले.

दादाला सगळे पारा म्हणतात, तेही लहानपणापासून. आळीतल्या कुणाच्या मुलाला कणकण वाटली की त्याची आई दारातून हाक मारायची, "पारा, जरा हात लावून बघ रे." हा जाऊन कपाळावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "आहे थोडा, शाळेत नका पाठवू." नाहीतर, "काही नाही, नाटक करतोय." या दुसऱ्या वाक्यामुळे आळीतली निम्मी पोरं त्याच्यावर दात धरून होती. वहिनीची आणि त्याची पहिली भेट झाली तेव्हासुद्धा हा तिच्या कपाला बोट लावून म्हणाला, "इतक्यात पिऊ नका, तोंड भाजेल." वहिनी म्हणते, त्या वाक्यावर मी भाळले. एकेकाचं नशीब असतं, दुसरं काय!

नाव पारा, पण हा कधी चढला नाही. चढते मी. म्हणून तो मला ठिणगी म्हणतो, आणि गिऱ्हाईकही आता तेच म्हणतात. मी शेडमध्ये आदळआपट करत असले की हा आपला होज, म्हणजे पाण्याची रबरी नळी, पुसत, बेसूर गुणगुणत उभा. इंजिनाशी बोलायचा मात्र भरपूर. "काय, बरं वाटतंय का आज? घसा बसलाय वाटतं," असं. गाडीच्या मालकाला वाटायचं, आपल्यालाच विचारतोय. एकदा एका भल्या माणसाने घसा खाकरून, "हो, जरा सर्दी आहे," असं उत्तरही दिलं होतं.

आता आमचं काम काय ते थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. इंजिन तापतं. त्याच्याभोवती पाणी फिरतं, ते पुढच्या रेडिएटरमध्ये येऊन गार होतं आणि परत आत जातं. जुन्या गाडीत रेडिएटरमागचा पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो. गाडी पळत असते तेव्हा समोरून एवढा वारा येतो की पंखा लागतच नाही, आणि नेमका तेव्हा हा गरगर फिरतो. गर्दीत, सिग्नलला, जिथे वाऱ्याचं नाव नाही, तिथे इंजिन मंद चालतं आणि त्याच्याबरोबर पंखाही पेंगतो. हवा तेव्हा झोपलेला, नको तेव्हा नाचणारा! त्या पंख्याकडे बघून मला माझ्या नवऱ्याची आठवण येते.

म्हणून आम्ही विजेचा पंखा बसवतो. तो बॅटरीवर चालतो. पाणी ठरावीक तापलं की आपोआप सुरू, उतरलं की बंद. ऐकायला सोपं आहे, पण ठरावीक म्हणजे किती? लोकांना वाटतं, जितकं गार तितकं बरं. अजिबात नाही! इंजिन गार राहिलं तर पेट्रोल ढोसतं, ऑइल घट्ट राहतं, आतून झीज होते. फार तापलं तर पाणी उकळतं आणि इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, वाकतं. असल्या जुन्या गाडीचं हेड आता शोधूनही सापडत नाही. तेव्हा मधली जागा धरावी लागते, आणि ती प्रत्येक गाडीची निराळी.

पंख्याच्या स्विचला एक छोटी घुंडी असते. ती फिरवली की पंखा लवकर लागतो किंवा उशिरा. ती कुठे ठेवायची हे दादाचा हात ठरवायचा. गाडी जागेवर चालू ठेवायची. इंजिनातून रेडिएटरकडे गरम पाणी नेणारा वरचा रबरी होज असतो, त्यावर उजवा तळहात ठेवून दादा उभा. मी घुंडीवर बोटं ठेवून वाकलेली. होज तापत जातो, तापत जातो, आणि हात सोसवेनासा झाला की दादा म्हणणार, "आता!" मी लगेच घुंडी फिरवत आणायची आणि पंखा लागला की थांबायचं. मग घुंडीवर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका पडला की विषय संपला. मालकाने ती घुंडी हलवायची नाही, मी नाही, कुणीच नाही.

"अहो, गाडीत तापमानाचा काटा असतो की," असं कुणी म्हटलं की दादा हसायचा. "काटा म्हातारा झाला की काहीही बरळतो. हात बरळत नाही." तेव्हा ते खरंच होतं. एका गाडीचा काटा तर इंजिन बंद असतानाही मध्यावर उभा असायचा. लोक लांबून यायचे ते त्या हातासाठी. हातगुण म्हणायचे. वायरिंग काय, कुणीही करील, असंही वर माझ्या तोंडावर बोलायचे, मेले!

तर अशा आमच्या दुकानात या उन्हाळ्यात गाड्या परत यायला लागल्या.

पहिली आली ती बेकरीवाल्याची निळी गाडी. गर्दीत अडकली, पाणी उकळलं, बॉनेटमधून भसाभस वाफ. बिचारा घाबरून गाडी रस्त्यातच सोडून पळाला होता. दादाने होज दाबून बघितला, लाल ठिपका बघितला आणि शांतपणे मला म्हणाला, "तुझं कनेक्शन बघ जरा."

मी बघितलं. पंख्याची मोटर काढली, जोडली. रिले, म्हणजे पंख्याला वीज सोडणारी डबी, बदलला. गाडीच्या पत्र्याला जाते ती वायर खरवडून नव्याने बसवली. पंखा उलटा तर फिरत नाही ना, म्हणून जाळीवर कागद धरला. पंखा मागून हवा ओढतो, त्यामुळे बरोबर फिरत असेल तर कागद जाळीला चिकटतो. कागद चिकटला. सगळं ठीक. गाडी गेली आणि आठवडाभरात पुन्हा उकळून आली. तिच्यापाठोपाठ दुसरी आली, मग तिसरी. आणि माझं डोकं फिरवणारी गोष्ट अशी की काही गाड्या छान चालत होत्या. तोच पंखा, तीच वायर, तेच माझे हात, आणि एक गाडी गार तर दुसरी उकळलेली!

दादा गिऱ्हाइकांना सांगायचा, "वायरिंगमध्ये काहीतरी आहे. बघतोय आम्ही." माझ्यासमोर सांगायचा. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण दादाचा हात चुकत असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. कसं येणार? मी सगळं उघडून बघितलं, फक्त त्या लाल ठिपक्याच्या वाटेला गेले नाही. मला वाटलं, आपलेच डोळे गेले. चष्म्याचा नंबर तपासून आणला. घरी जेवणाच्या टेबलावर वायरींची भेंडोळी घेऊन बसायला लागले. नवरा ताट कुठे ठेवायचं म्हणून विचारायचा आणि मी त्याच्यावरच खेकसायचे.

एकदा न राहवून मी म्हटलं, "दादा, एखादा नवा चांगला काटा आणून लावून बघूया का?"

तो माझ्याकडे वळला आणि ओरडला. हो, ओरडला! "म्हणजे माझ्या हातावर विश्वास नाही तुझा?" जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज चढलेला मी ऐकला. मी ओशाळून म्हटलं, "तसं नाही रे," आणि पुन्हा वायरी उघडायला बसले.

मग आली नर्सबाईंची गाडी. नर्सबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण चालणं अजून वॉर्डातलं, ताठ आणि झपाझप. वडिलांची सायरंगाची, म्हणजे दुधाच्या सायीसारखी, गाडी त्या स्वतः चालवतात आणि डोंगरावर राहणाऱ्या बहिणीला भेटायला जातात. चढावर मध्यावरच गाडी उकळली. हेड आणि इंजिन यांच्यामधलं पॅकिंग फुटलं. हेड थोडक्यात वाचलं. पुन्हा एकदा असं झालं तर ती गाडी कायमची उभी, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

पॅकिंग बदलून झाल्यावर मी दादाला सरळ सांगितलं. "ही गाडी माझ्या वायरिंगमुळे पुन्हा उकळली तर मी टेस्टर खाली ठेवते. बास. उगाच लोकांच्या गाड्यांची माती नको आणि तुझ्या नावाचीही नको. दुसरा कुणीतरी वायरमन बघ." हे बोलताना मला रडू येत होतं, कारण या कामाशिवाय मला दुसरं काही येत नाही आणि करायचंही नाही. दादाने पान्यावरचं ग्रीस पुसलं, बराच वेळ पुसत राहिला, आणि म्हणाला, "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अंगणात घेतली. नर्सबाई समोरच खुर्ची टाकून बसल्या. "या वेळी मी इथून हलणार नाही," म्हणाल्या. गाडी चालू केली. दादाने होजवर तळहात ठेवला, मी घुंडीवर बोटं ठेवली आणि "आता" ची वाट बघायला लागले.

इंजिन तापत होतं. मला खाली वाकल्यावाकल्या चेहऱ्यावर झळ लागत होती. थोड्या वेळाने तापलेल्या रंगाचा वास यायला लागला. दादाचं "आता" येईना. रेडिएटरच्या आत गुडगुड सुरू झाली. मी मान वर करून म्हटलं, "दादा?"

"थांब," तो म्हणाला. "अजून आहे वेळ."

त्याने डोळे मिटले होते. चेहरा अगदी शांत, लहानपणी कुणाच्या कपाळावर हात ठेवून उभा राहायचा तसा. रेडिएटरच्या झाकणाच्या कडेने पाण्याचे थेंब फुटले आणि चर्र करून उडाले. मी म्हटलं, "अरे, उकळतंय!" तो म्हणाला, "थांब गं, घाई करू नकोस." मी काही कळायच्या आत स्वतःचं बोट त्या होजला लावलं.

"आई गं!" मी किंचाळून हात मागे घेतला. बोटाच्या टोकाला आग लागली होती नुसती. आणि त्याच होजवर, माझ्या बोटापासून वीतभर अंतरावर, माझ्या भावाचा तळहात आरामात पसरलेला होता. मी धावत जाऊन चावी फिरवली, गाडी बंद केली आणि त्याचं मनगट धरून खेचलं. तळहाताची कातडी पांढरी पडून सुटायला लागली होती. घाणेरडा वास येत होता.

"काय झालं?" दादाने विचारलं.

काय झालं म्हणून त्याने मला विचारलं! मला वाटलं, हा चेष्टा करतोय. नर्सबाई मात्र केव्हाच उठल्या होत्या. त्यांनी त्याला दंडाला धरून नळाखाली नेलं आणि हातावर धार सोडली. "पाणी कसं लागतंय?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, "लागतंय." "गार की गरम, ते विचारतेय मी." तो नुसता धारेकडे बघत राहिला.

मग त्यांनी शेडच्या कोपऱ्यातल्या आमच्या चहाच्या शेगडीवरून दोन चमचे आणले. एक उकळत्या पाण्यात बुडवून झटकलेला, एक नळाखाली धरलेला. दादाला डोळे मिटायला लावले आणि डाव्या हाताला, दंडाला, खांद्याजवळ आलटूनपालटून ते लावत गेल्या. "गरम," दादा म्हणाला. चमचा गार होता. "गार." तोही गारच होता. "गरम." तो पुन्हा गारच. मग त्यांनी पदराचा एक दोरा ओढून काढला आणि हातावरून नुसता फिरवला. "दोरा," दादा लगेच म्हणाला. "मनगटावर आहे. आता कोपराकडे चाललाय." एकदाही चुकला नाही.

"स्पर्श कळतो आणि ऊन-गार कळत नाही," नर्सबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "हे हाताचं दुखणं नाही. वरचं आहे, मानेतलं. आजच्या आज मोठ्या डॉक्टरला दाखवायचं."

मी हो हो म्हणाले, पण माझं लक्षच उडालं होतं. कारण मला एकदम बाळ आठवलं. दादाची मुलगी, माझी भाची, बाळंत होऊन अंगणापलीकडे दादाच्याच घरी राहत होती. आमच्या घरातल्या एकूणएक मुलाच्या आंघोळीचं पाणी दादाने हात घालून बघितलेलं आहे. माझ्या मुलांचंही. दुसऱ्या कुणी बघितलं तर आम्हालाच चैन पडायचं नाही. आणि ही नेमकी बाळाच्या आंघोळीची वेळ होती.

मी पळत सुटले. अंगणात पाना पडला होता, त्याला ठेचकाळले, तशीच उठले. घरात शिरले तर न्हाणीघराच्या दारातून वाफ येतेय! भाची टबाशी बसलेली, बाळ तिच्या दोन्ही हातांवर, आणि ती त्याला पाण्यात सोडतच होती. "थांब!" मी अशी ओरडले की ती दचकली आणि बाळाने भोकाड पसरलं. मी बाहीसकट कोपर पाण्यात घातलं.

पाणी छान कोमट होतं. वाफ येत होती ती बाजूच्या बादलीची.

"आत्या, काय झालं गं?"

"पाणी कुणी बघितलं?" मी विचारलं. "दादाने बघितलं का?"

"छे! बाबा कुठे बघतात," भाची म्हणाली. "मी आल्यापासून एकदाही हात लावला नाही त्यांनी. मी म्हटलं, बाबा, बघा ना जरा, तर म्हणाले, तुझं तू बघायला शीक. कोपर घालून बघ, आणि आईलाही बघायला लाव, एकटीवर राहू नकोस. रोज बजावतात."

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली होती, तीही म्हणाली, "हो, मलाही नवलच वाटलं. हे म्हणाले, माझे हात ग्रीसचे असतात."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. बाळ सुखरूप होतं. सुटले, असं वाटलं. पदराने तोंड पुसलं, बाळाचा पाय हातात घेतला. आणि मग ते वाक्य माझ्या डोक्यात नीट शिरलं. एकदाही हात लावला नाही. म्हणजे त्याला माहीत होतं! बाळाच्या पाण्यात घालायचा नाही इतकं स्वतःच्या हाताबद्दल त्याला पक्कं माहीत होतं, आणि तोच हात होजवर ठेवून तो मला "आता" म्हणत होता, मी घुंडी फिरवत होते, ठिपके देत होते, आणि गाड्या उकळून आल्या की तो म्हणत होता, तुझं कनेक्शन बघ जरा. वहिनी म्हणत होती, "अगं, पाणी पी, पाणी पी," आणि मला ते लांबून कुठूनतरी ऐकू येत होतं.

त्या दिवशी मी त्याला काही विचारलं नाही. नर्सबाई सोबत होत्या, हाताला पट्ट्या बांधायच्या होत्या, दवाखाना गाठायचा होता. मग तपासण्या सुरू झाल्या. त्याला त्या मोठ्या नळकांड्यासारख्या मशीनमध्ये घालून मानेचे फोटो काढले. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, ते असं: पाठीच्या कण्यातून जी जाड दोरी मेंदूकडे जाते, तिच्या आत मानेपाशी पाणी साचून पोकळी झालीय. स्पर्शाच्या वायरी वेगळ्या, उष्णतेच्या वेगळ्या. उष्णतेच्या नेमक्या त्या पोकळीपाशीच एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातात, त्या आधी तुटतात. दोन्ही हातांच्या. माणसाला वाटतं, सगळं ठीक आहे. दादा मान हलवून म्हणाला, "मोटर चालू आहे, सेन्सरच गेलाय." डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

पुढच्या तपासणीसाठी आम्ही दोघंच बाहेरच्या बाकावर बसलो होतो तेव्हा मी विचारलं. "बाळाच्या पाण्याला हात का लावत नव्हतास?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं की मला कळलंय. तो पट्टीचा सुटलेला धागा ओढत राहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"थंडीपासून. सकाळी नळाचं पाणी गार लागेना. मला वाटलं, यंदा थंडीच कमी आहे."

"आणि मग 'आता' कशावर म्हणायचास?"

"रबरावर. पाणी तापलं की आत दाब येतो, होज ताठ होतो. ते बोटांना कळतं मला अजून. ताठ झाला की म्हणायचो, आता. पण फार जुन्या गाड्यांच्या रेडिएटरचं झाकण दाब धरतच नाही, त्यांचा होज ताठ होतच नाही. तिथे अंदाजाने म्हणायचो."

म्हणजे उकळल्या त्या सगळ्या तसल्या गाड्या! आणि मी वेडी वायरी मोजत बसले होते. "मग नर्सबाईंच्या गाडीला अंदाजाने तरी का नाही म्हणालास? हात भाजून घेतलास!"

"त्या दिवशी ठरवलं होतं, अंदाज करायचाच नाही," तो म्हणाला. "तू टेस्टर खाली ठेवते म्हणालीस ना, रात्रभर तेच डोक्यात होतं. म्हटलं, चटका बसेपर्यंत हात काढायचाच नाही. बसेलच. किती वेळ नाही बसणार?"

मला त्याची इतकी कीव आली आणि इतका राग आला की दोन्ही एकदम कसं सोसायचं ते मला कळेना. "अरे, पण आधीच का नाही बोललास? मी, मी तुझी बहीण, माझं काम सोडायला निघाले होते. तुला माहीत होतं, माझं काही चुकत नाहीये!"

"माहीत नव्हतं," दादा म्हणाला. "म्हणजे, होतं. पण तू एकेक वायर काढून बघायचीस ना, तेव्हा मी बाजूला उभा राहून मनात म्हणायचो, वायरच निघू दे. हिचीच चूक निघू दे. म्हणजे मग माझा हात शाबूत."

मी उठून त्या लांब पॅसेजच्या टोकाला गेले. खिडकीशी उभी राहिले. खाली गाड्या लावलेल्या होत्या, सगळ्या नव्या, एकसारख्या. इतकी वर्षं मी या माणसाच्या एका शब्दावर घुंडी फिरवली, आणि तो शेजारी उभा राहून माझी चूक निघावी म्हणून धावा करत होता. आत्तासुद्धा हे सांगताना माझा आवाज बदलतो, तुम्हाला कळत असेल.

दार उघडलं आणि डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. मी परत गेले, कारण दादाला एका हाताने सदऱ्याचं बटण लावता येत नव्हतं आणि तो तसाच उठला होता. मी बटण लावलं.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करायला हवं. नाही केलं तर हळूहळू स्पर्शही जाईल, बोटांतली ताकदही जाईल, मग चालणंही. केलं तर जे आहे ते बहुतेक टिकेल. गेलेली उष्णता परत येईल असं सांगता येत नाही, बहुधा नाहीच. आणि मानेतलं काम आहे, धोका असतोच, तो त्यांनी लपवला नाही. दादा खाली मान घालून ऐकत होता. त्याने एकच विचारलं, "पाना धरता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "ते वाचवण्यासाठीच करतोय." मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी सोबत कोण थांबणार? बायको?"

दादाने माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर दुसरीकडे वळवली. "बायको थांबेल," तो म्हणाला.

"वहिनी रडत बसेल आणि हा भुलीतून उठून तिलाच समजावत बसेल," मी म्हटलं. "मी थांबणार."

"आपण कोण यांच्या?"

"बहीण," मी म्हटलं, आणि मग मला आवरेना. "डॉक्टर, काहीही करा, पण याला धड परत आणा. मला याच्याशी कडाकडा भांडायचंय, आणि अंथरुणावर पडलेल्या माणसाशी मला भांडता येत नाही."